व्हँडरमीरसाहेबांच्या तोंडी माझा आवाज

हॉलिवुड, ऑगस्ट १९२९

आदरणीय थॅडियसमामांस,

भाचा ऑरिन याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि मामींच्या कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. सध्या तुरुंगात असतो. (मामी हे मोठ्याने वाचत असतील तर त्यांना आधी खाली बसवा. तुरुंग फळ्यांचा आहे, मागून उघडा आहे, आणि सगळे कैदी संध्याकाळी आपापल्या घरी जातात.)

तर आमचा हा बोलपट. यात निरपराध माणसाला फाशी होते. मी जेवणघरातल्या कैद्यांपैकी एक. अन्न वाईट म्हणून आम्ही जस्ताच्या थाळ्या आपटून दंगा करायचा होता. पण इथे आता दिग्दर्शकापेक्षा आवाज टिपणाऱ्याची सत्ता चालते. तो प्रुइट नावाचा किडकिडीत इसम काचेच्या खोलीतून धावत बाहेर आला आणि म्हणाला, की यंत्रात हे मालगाडी दरीत पडल्यासारखं ऐकू येतंय. मग टेबलांवर घोंगड्या अंथरल्या. त्यावर आम्ही इतका मऊ दंगा केला, की बंडखोर कैदी उशा झटकतायत असं वाटावं. (रस्सा मात्र फार चांगला होता. वाईट अन्नाचा चेहरा करून मी तीन वाट्या संपवल्या.)

खरी पंचाईत झाली ती नायकाची. व्हँडरमीरसाहेबांना तुम्ही मूकपटांत पाहिलं असेल. ते नुसते भुवई उचलायचे आणि मामींसारख्या समंजस बायका डोळे पुसायच्या. त्यांना फाशीकडे नेताना गज धरून ओरडायचं होतं, ‘मी नाही केलं ते!’ साहेबांनी तोंड उघडलं, आणि कोणीतरी चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करावी तसा आवाज निघाला. कैद्यांत हशा पिकला. ग्रुबर दिग्दर्शक चिडले आणि नेमकं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हसतोस काय? तू ओरडून दाखव.”

मामा, ज्या माणसाने आयोवात शेताच्या पार टोकाची डुकरं एका हाकेत गोळा केली, त्याला हे सांगावं? मी ओरडलो. प्रुइट कान धरून बाहेर आला; त्याचं यंत्रच बंद पडलं होतं. दुरुस्तीत दुपार गेली. मग मला कोठडीच्या भिंतीमागे, लांब, तोंड फिरवून उभं केलं. साहेबांनी नुसते ओठ हलवायचे, ओरडायचं मी.

पण ग्रुबरना नुसता मोठा आवाज नको होता. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, “ज्याने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याला सांग.”

मला लगेच बाबा दिसले. आमची बक्षीस मिळवलेली डुकरीण नदीत बुडाली त्या सकाळी ते अंगणात उभे होते, तसेच. मी फाटक उघडं टाकलं असं ते म्हणाले आणि त्यानंतर माझ्याशी बोललेच नाहीत. (फाटक कोणी उघडं टाकलं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. विषय वाढवत नाही.) त्या रंगवलेल्या भिंतीकडे बघून मी ओरडलो. मग भिंतीआडून डोकावून पाहिलं. आवाज टिपताना पंखे बंदच असतात, पण माणसंही हलेनात. व्हँडरमीरसाहेब गजांतून हात काढून खरंच रडत होते. नंतर भिंतीमागे आले, माझा हात हातात घेतला आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, “मिस्टर हॅस्केट, हा आवाज मला शोभला का हो?”

मी म्हटलं, तुमच्यासाठीच शिवल्यासारखा बसला.

आता देशभर लोक ही हाक ऐकतील. आपल्या घराण्यातलं कोणी इतक्या लांबवर ऐकू गेलं नव्हतं.

तुमचा अभिमानी भाचा,
ऑरिन

ता. क. आवाज माझा आहे हे कोणालाही सांगणार नाही, असं मी कंपनीला सही करून दिलं आहे. तेव्हा हे फक्त बाबांना सांगा. मामींना कळलंच असेल.

ता. क. २. आपल्या गावच्या थिएटरात बोलपटाचं यंत्र नाही. तिथे याची मुकी प्रत लागेल आणि तीत माझा आवाज कुठेच नाही. म्हणून बाबांना गाडीत घालून सू सिटीला, तिथल्या बोलपटाच्या थिएटरात न्या. ते नाही म्हणतील. डुकरांचा बाजार बघायला चाललोय म्हणून सांगा.

ता. क. ३. ती हाक शेवटाकडे आहे, तोवर झोपू नका. पडद्याकडे मामी बघतील. तुम्ही बाबांकडे बघा, आणि जे दिसेल ते मला जसंच्या तसं लिहा.