आमच्या बेटावर बर्फ कसा आला

उसारे किनारा,
शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर

माझ्या थोरल्या, लाडक्या आणि पत्राला कधीही उत्तर न देणाऱ्या अकेयोताईला धाकट्या ओबिएरोचा वाकून नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेलच. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? (आयुष्यभर परिचारिका म्हणून दुसऱ्यांना गोळ्या गिळायला लावल्यास, तेव्हा हे विचारायचा हक्क मला आहे.) किसुमूत भाज्या महाग झाल्यात असं ऐकतो. इकडे आम्ही सगळे ठीक. डॉक्टरांनी मला ताटातली मक्याची उगाली निम्मी करायला सांगितली आणि अवुओरने डॉक्टरांपेक्षा जास्त मनावर घेतलं, त्यामुळे मी निरोगी आणि दुःखी आहे.

आता मुद्दा. आपला गावप्रमुख ओचोला तुला फोन करून सांगून बसला असेल, की ओबिएरो मास्तरने पाहुण्यांसमोर अख्ख्या गावाचं नाक कापलं. ताई, ते निम्मं खोटं आहे. नाक कापलं गेलं हे खरं, पण सुरीचं दुसरं टोक ओचोलाच्या हातात होतं. म्हणून सगळी हकीकत पहिल्यापासून लिहितो, चहा घेऊन बस.

तुला ठाऊकच आहे, इथल्या बायकांनी मासळीसाठी गट काढलाय आणि अवुओर त्याची अध्यक्षा आहे. (घरात ती अध्यक्षा पूर्वीपासूनच होती, आता शिक्का मिळाला.) त्यांचं दुखणं तेव्हा एकच होतं, बर्फ. सकाळी होड्या येतात, म्बुटा मासा चांदीसारखा चमकत असतो, आणि पलीकडच्या काठावरून बर्फ घेऊन आलेला व्यापारी अंजिराच्या झाडाखाली पाय पसरून बसतो. नऊ वाजता भाव विचारला तर म्हणतो, बघू. दहाला म्हणतो, बघू. अकरा वाजता मासा मऊ पडतो, मासा मऊ पडला की बायका मऊ पडतात, मग हा उठतो, पँट झटकतो आणि फुकटात मासे भरून नेतो. म्हणून गटाने ठरवलं की आपलं स्वतःचं बर्फाचं यंत्र हवं आणि ते उन्हावर चालायला हवं, कारण बेटावर वीज नाही आणि ऊन मात्र डोकं फुटेस्तोवर आहे.

आता उन्हावर पैसे लावणाऱ्या लोकांविषयी चार शब्द, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. पूर्वी जे यायचे ते दान करायला यायचे. त्यांना अंधार बघायला आवडायचा. रॉकेलची चिमणी, काळं पडलेलं छप्पर, धुरात डोळे चोळणारी माणसं. आपलं गाव त्यात तयार झालं होतं. गोऱ्यांची होडी दिसली की मोबाईल पिठाच्या डब्यात जायचे, आधी मिळालेले सौर दिवे माळ्यावर जायचे, आणि माळावरच्या, अख्ख्या गावाच्या आजी असलेल्या आपल्या असेवे दानी खोकायला बसायच्या. (दानींच्या खोकल्यावर गावाने आजवर दोनदा दिवे मिळवलेत. त्यांना स्वतःला साधी सर्दीसुद्धा होत नाही.) पण हल्ली वारं फिरलं. आता येतात ते देत नाहीत, गुंतवतात. त्यांना अंधार नको, विजेची भूक बघायची असते. किती वीज लागेल, कशाला लागेल, महिन्याच्या महिन्याला बिल भराल का, असलं विचारतात. अंधाराला आता गिऱ्हाईक नाही, ताई.

तर गेल्या वर्षी नैरोबीच्या एका कंपनीने गटाला कळवलं, की आमच्या न्यागुथीबाई गुरुवारी पाहायला येतील. स्वागताची जबाबदारी माझ्यावर पडली, कारण गावात टाय एकट्या माझ्याकडे आहे. अवुओरने बजावलं होतं, "त्यांना किनाऱ्यावर आणा, मी बोलते. बाकी शहाणपणा नको." पण मी तीस वर्षं शाळा तपासणीला तोंड दिलेला माणूस. तपासणी म्हटली की मला सजावट सुचते. मी किनाऱ्याजवळच्या घराघरांत विजेची भूक मांडली. सहा इस्त्र्या, न्हाव्याचं केस कापायचं मशीन, चर्चचा कीबोर्ड, एक मिक्सर, आणि मुख्याध्यापिकाबाईंचा फ्रिज. त्या फ्रिजचं दार लागत नाही, त्यात त्यांची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. मी म्हटलं, राहू दे, कोंबडीसकट माझ्या घरात आणा. वरून अवुओरचा भरतकामाचा रुमाल सोडला. फार सुबक दिसत होतं.

इकडे ओचोलाच्या फोनवर निरोप आला होता, की एका परदेशी संस्थेचे एस्बेन नावाचे गोरे गृहस्थ गुरुवारी येताहेत. ओचोलाने जुन्या सवयीने वरच्या माळावर हुकूम सोडला, दिवे लपवा, चिमण्या काढा, दानींना बसवा. मला त्याने सांगितलं नाही, मीही त्याला सांगितलं नाही, कारण पुतणीच्या लग्नात त्याला मागच्या रांगेत खुर्ची दिली म्हणून तो माझ्याशी चार महिने बोलत नव्हता. आणि आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं, की आताची नवी रीत अशी आहे की दान आणि धंदा एकाच होडीतून येतात. थोडं संस्था देते, थोडं कंपनी लावते, थोडं गावाने घालायचं.

होडी लागली. आधी न्यागुथीबाई उतरल्या, उंच टाचांच्या चपला हातात घेऊन. मागून एस्बेनसाहेब थेट कमरेएवढ्या पाण्यात. किनाऱ्यावर मी टाय लावून आणि ओचोला सरकारी टोपी घालून. दोघांनी एकदमच हात पुढे केले.

पहिलं घर माझं. न्यागुथीबाईंचा चेहरा उजळला, त्या भराभर लिहू लागल्या. एस्बेनसाहेब मात्र कोड्यात पडले. त्यांनी विचारलं, "बेटावर वीज नाही ना? मग हे सगळं चालतं कशावर?"

"आशेवर, साहेब," मी म्हणालो. (दुसरं काही सुचलं नाही.)

दुसरं घर वरच्या माळावर, दानींचं. भर दुपारी चिमणी पेटलेली आणि दानी खोकतायत. असा खोकला मी जन्मात ऐकला नव्हता, कौलसुद्धा हललं असतं, पण पत्रा होता. एस्बेनसाहेबांचे डोळे भरून आले आणि बाईंचं पेन थांबलं. मग मी त्यांना खाली आणलं, तिसऱ्या घरात दोन इस्त्र्या. ओचोलाने परत वर नेलं, चौथ्या घरात पुन्हा खोकला, पण शिकाऊ. बाईंच्या कपाळावर आठी चढू लागली तसा मला घाम फुटला. मी हळूच न्हाव्याला खुणावलं, जा, खालचं सामान वरच्या घरांत हलव. ताई, शपथेवर सांगतो, त्याच क्षणी ओचोलाने त्याच्या मेव्हण्याला खुणावलं होतं, चिमण्या खाली ने.

गावात पायवाट एकच. वरून ओचोलाचा मेव्हणा आठ चिमण्या घेऊन उतरतोय, खालून न्हावी डोक्यावर फ्रिज घेऊन चढतोय. मधे आम्ही. वळणावर दोघांची टक्कर झाली. चिमण्या घरंगळत गेल्या, फ्रिज आडवा झाला, रुमाल उडाला आणि आतून खुडूक कोंबडी बाहेर आली. तिने एकदा एस्बेनसाहेबांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून उडून गेली.

न्यागुथीबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, हा फ्रिज आपण मघाशी तुमच्या घरी पाहिला ना?"

मी टाय सैल केला. ओचोलाने टोपी काढून हातात घेतली. मला अवुओरचा चेहरा आठवला, गटाने वर्षभर केलेली खटपट आठवली. बायकांचं यंत्र मी एका कोंबडीपायी बुडवलं होतं.

तेवढ्यात दानी काठी टेकत मागून आल्या. खोकला साफ बरा. म्हणाल्या, "पोरी, ह्या दोन गाढवांवर रागावू नकोस. बारा वर्षं बघतेय मी. ज्याला अंधार बघायचाय त्याला आम्ही अंधार दाखवतो, ज्याला उजेड बघायचाय त्याला उजेड. पाहुण्याला हवं ते वाढावं, अशी रीत आहे आमची. पण तुम्हाला काय हवंय असं आजवर एकानेही विचारलं नाही गं."

मग एस्बेनसाहेब हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. दानींनी कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "ठीक आहे, पण पोटातून येत नाही."

न्यागुथीबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बरं दानी, मी विचारते. काय हवंय?"

"मला काय विचारतेस? मला दात नाहीत. खाली जा, अवुओर सांगेल."

अवुओरने काही सांगितलंच नाही. माझ्याकडे एक नजर टाकली (तिचा हिशेब घरी झाला), आणि बाईंना म्हणाली, "आज मुक्काम करा. उद्या सकाळी नऊ ते अकरा इथे माझ्या शेजारी उभ्या राहा. एवढंच."

दुसऱ्या दिवशी बाई उभ्या राहिल्या, अनवाणी. नऊला व्यापारी म्हणाला, बघू. दहाला म्हणाला, बघू. साडेदहाला बाईंना राहवेना. त्यांची आई बाजारात कोबी विकायची म्हणे, ते रक्त उसळलं. त्यांनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि व्यापाऱ्याशी अशी घासाघीस केली की होड्यांवरचे लोक हातातली जाळी तशीच टाकून बघायला आले. तरी हरल्या. अकरा वाजले, मासा मऊ पडला, व्यापाऱ्याने पँट झटकली. बाई लालबुंद होऊन म्हणाल्या, "ही तर लूट आहे!"

"नाही हो," अवुओर म्हणाली, "ही फक्त उन्हाची वेळ आहे. तेच ऊन आम्हाला आमच्या बाजूने हवंय."

हे वाक्य बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी बघितलं. माझ्या सहा इस्त्र्यांवर त्यांनी आदल्या दिवशीच काट मारली होती.

आठ महिने लागले, पण यंत्र आलं. दोन होड्या बांधून आणावं लागलं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी गाव नुसतं वेडं झालं होतं, ताई. बायका गात होत्या, म्हातारे गालाला बर्फ लावून बसले होते. दानींनी एक खडा मुठीत धरला, थोड्या वेळाने मूठ उघडून म्हणाल्या, "हा तर पळाला! पकडा!" आणि आपल्याच विनोदावर इतक्या हसल्या की या वेळी खरा ठसका लागला. व्यापारी नेहमीसारखा झाडाखाली बसला होता. अकरा वाजता उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "बाई, अकरा वाजले."

अवुओर माशावर बर्फ पसरत म्हणाली, "तुमचे वाजले असतील. आमचे परवा वाजतील."

तो मुकाट्याने पाकीट काढून उभा राहिला, उन्हात. एवढं सुख मला माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. (हे वाक्य तुझ्यापुरतंच ठेव.)

तर ही खरी हकीकत. भाचरांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. उत्तर लिहायचा कंटाळा असेल तर स्वतःच निघून ये.

तुझा, टाय असलेला भाऊ,
ओबिएरो

ता. क. ओचोला आता माझ्याशी बोलतो. दिवसभर बोलतो. यंत्राची कल्पना मुळात त्याची होती, असं बोलतो.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. गटाने आता यंत्राच्या धंद्याचे नवे भाग, म्हणजे शेअर, विकायला काढलेत. पुरुषांनाही मिळणार, पण घरातल्या एखाद्या बाईने ‘हा माणूस शहाणपणा करणार नाही’ अशी लेखी हमी द्यायला हवी. अवुओर सही करत नाही. म्हणते, खोटं लिहून देणं गटाच्या नियमात बसत नाही. ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस, तरीही एक सही कर. कागद सोबत जोडलाय. अवुओरला यातलं काही कळू देऊ नकोस. पाकीट तीच धक्क्यावर टाकायला नेते आहे, पण मी ते नीट चिकटवलंय.

वन्सं, नमस्कार. पाकीट वाफेवर धरलं, लगेच उघडलं. सही अजिबात करू नका. ह्यांचा भाग मी पहिल्याच दिवशी माझ्या सहीने घेऊन ठेवलाय. पण निदान महिनाभर तरी ह्यांना सांगू नका, कारण सध्या हे रोज पहाटे उठून पाणी भरतात आणि न सांगता भांडी घासतात. — अवुओर