लवूकाका हलतात

४ मे १९८६, सकाळ
एम.एफ.ए. ड्रॉइंगचं शेवटचं वर्ष. सोळा जूनला मुंबईत सबमिशन. नाही दिलं तर वर्ष गेलं. आमचे सर भर वर्गात म्हणाले, हरिश्चंद्र, तुझ्या रेषेत जीव नाही. बघतोच आता. म्हणून सुट्टीत रत्नागिरीजवळच्या गावी काकांकडे आलोय. विषय: 'बसलेला माणूस'. मॉडेल: लवूकाका. बोटीवरून रिटायर झाल्यापासून ते ओटीवर बसूनच असतात. असा मॉडेल पॅरिसला मिळायचा नाही. रोज एक ड्रॉइंग. उद्यापासून.

५ मे
सुरुवात झाली नाही. ओटीवर ठेवलेल्या चारकोलने काकांनी दात घासले. विलायती चारकोल होता. काका म्हणाले, बरा आहे, पण आपल्या चुलीतला जास्त बारीक होतो.

९ मे
काका हलतात. तपकीर ओढतात, मग शिंकतात. रस्त्याने मासळीची पाटी गेली की उठून बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, जातात आणि बांगडा कसा दिला म्हणून विचारतात. घ्यायचा नसतो. शेवटी स्पष्ट सांगितलं, काका, जरा न हलता बसा. म्हणाले, मी काय मेलोय काय रे मेल्या?
मॉडेलला कलेची जाण पाहिजे. ती इथे नाही.

१८ मे
काम जोरात. म्हणजे मनातल्या मनात. बघणं हेही ड्रॉइंगच. आज आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन क्षितिज बघून आलो. सरळ आहे.

२ जून, दुपार
अखेर! काका-काकी उद्या पहाटे मुरुडला निघतायत, काकीच्या भाचीच्या, सावित्रीच्या मुलाच्या बारशाला. आज जेवल्यावर काकांना बसल्या बसल्या झोप लागली. तासभर हलले नाहीत. पूर्ण साइज ड्रॉइंग झालं. डोळे मिटलेले आहेत. उघडे मला नीट जमत नाहीत, पण हा माझा निर्णय आहे. गळ्याखालची हाडं थोडी चुकलीयत.

३ जून, संध्याकाळ
घरात एकटाच. लांबून बघावं म्हणून ड्रॉइंग ओटीच्या भिंतीवर, दारासमोर लावलं. तेवढ्यात लाइट गेले. काकीची समई पेटवून खाली ठेवली. खालून उजेड आला की टोन उठतात.
शेजारच्या सखारामने मधल्या दगडी गडग्यावरून डोकावून पाहिलं. त्या गडग्यावरूनच त्याचं नि काकांचं वाकडं, कित्येक वर्षं बोलणं नाही. आज मात्र टोपी काढून उभा राहिला. मग चक्क डोळे पुसले आणि घरी गेला.
माझ्या रेषेने माणूस रडला. सरांनी बघायला हवं होतं.

४ जून
सकाळपासून रीघ. येतात, काका कुठे गेले विचारतात; मुरुडला, काकीही तिथेच, म्हटलं की ड्रॉइंगसमोर हात जोडून बसतात. खरी रसिकता खेडवळ माणसांतच उरलीय. पलीकडच्या घरातल्या हौसावैनी म्हणाल्या, तू चूल पेटवू नको, आम्ही भात आणून देऊ. कलावंताने स्वयंपाकात वेळ घालवू नये हे मुंबईत कुणाला सुचलं नाही.
कुणीतरी ड्रॉइंगला हार घातला. काढणार होतो, पण नेमकी हाडं झाकली जातात. राहू दिला.
सखाराम हळूच म्हणाला, काकांना मुलगा नाही, तेव्हा केस तुलाच काढायला लागतील. म्हटलं, आर्टिस्टला केस लागतात. तो माझ्या केसांकडे बघत निघून गेला. पटलं असावं.

५ जून
पालीहून काकांचे मित्र महिपत आले. दारातच हंबरडा. एवढा प्रतिसाद मलाही जड जातोय.

६ जून, दुपार
काका परत आले.
हौसावैनींच्या हातून भाताचं भांडं पडलं. काकांनी हार बघितला, समई बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, जिता हाय मी, मेल्या!
तेव्हा मला सगळं कळलं. तसा थोडा अंदाज आधीपासून होताच.

७ जून
काकीने मीठ-मिरच्यांनी काकांची दृष्ट काढली आणि ड्रॉइंग न्हाणीच्या चुलीत घातलं. सुतकाची वस्तू घरात नको म्हणाली. माझं एकुलतं एक ड्रॉइंग! म्हणे, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. काकांचं वाढलं. माझ्या सबमिशनचं काय?
संध्याकाळी काकांनी हळूच विचारलं, सखाराम खरंच रडला? म्हटलं, रडला. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग उठले आणि दगडांवर पाय देत गडगा ओलांडून पलीकडे गेले.

१२ जून
नवा निश्चय: रोज पाच ड्रॉइंग्ज. पण मॉडेल कुठाय? काका दिवसभर सखारामच्या ओटीवर. दोघांना किती वर्षांचं बोलायचंय. मला म्हणाले, आता कुठला वेळ बसायला.

१६ जून
आज मुंबईत सबमिशन. मी इथे. दुपारी डोळ्यांत पाणी आलं. चारकोलची पूड गेली असणार.
संध्याकाळी महिपत पुन्हा आले. वारलेल्या बापसाचा पासपोर्टएवढा फोटो आणलाय, मोठा करून हवाय. म्हणाले, लवूचा काढलास तस्साच काढ. बघितल्या बघितल्या माणूस गेल्याचं कळायला हवं. तसा हात तुझाच.
लगेच बसलो. बैठक एकदाही मोडली नाही. महिपतचे वडील अजिबात हलत नाहीत.