टेकाडावरच्या राशी

शनिवार, ९ नोव्हेंबर

मामाजी, माझे सासरे, पुन्हा निघून गेले! मी शेवंती तोडून आले तर ओटा रिकामा. सापडले गावामागच्या टेकाडावरच्या सागवनात, त्या दगडांच्या राशींपाशी. कंबरेएवढ्या, शेवाळलेल्या राशी. कुणी म्हणतं थडगी, कुणी म्हणतं धन पुरलंय. खरं कुणालाच ठाऊक नाही.

सासूबाई गेल्या त्याला वर्ष झालं. तेव्हापासून म्हातारा बोलत नाही, संधी मिळाली की तिकडे पळतो. धाकटे दीर ललितभाऊजी यांचा अमरावतीहून फोन — "वहिनी, तिथं अस्वल हाये. पुढच्या रविवारी मी बाबाले घेऊनच जातो."

चौथ्या मजल्यावर कोंडणार त्यांना! माझी आई पार्बती मी रांगत असतानाच गेली, तेल्हाऱ्याच्या मावशीने वाढवलं. सासूबाई आपल्या पायांनी तिथे आल्या होत्या — "मले हेच पोरगी पायजे." का, ते कधी सांगितलं नाही. पण आईची उणीव त्यांनी भासू दिली नाही. त्यांच्या माणसाला मी असं कसं जाऊ देऊ?

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज अडवलं नाही, मागोमाग गेले. मामाजी सगळ्यात मोठ्या राशीपाशी थांबतात. तिच्या सावलीच्या अंगाला दोन कोनाडे, शेजारी शेजारी. एकात नुसती माती. दुसऱ्यात गुळगुळीत गोटे अंथरलेले — नदीतले! नदी इथून कुठच्या कुठे.

देवाचंच ठिकाण, दुसरं काय. बरं झालं, निदान देवापाशी तरी बसतात. उद्या नारळ नेईन.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काल हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मामाजींनी असं पाहिलं की जणू मलाच वेड लागलंय. आणि झाला घोटाळा. करवंटी पाहून शेजारच्या आशाबाईंनी अगरबत्ती लावली, आज कुणीतरी शेंदूरही फासला. आमचे देवीदासराव म्हणतात, "आता जत्राच भरव तू." भरली तर फुलं आपलीच खपतील, म्हटलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जाताना मामाजी पुढे, येताना मी पुढे. बोलत नाहीत, पण काट्याची फांदी माझ्यासाठी बाजूला धरतात. एवढंही पुष्कळ.

रविवार, १७ नोव्हेंबर

भाऊजी गाडी घेऊन आले आणि मामाजी गायब! तिघंही टेकाडावर धावलो.

मामाजी धोतराच्या सोग्याने शेंदूर पुसत होते. आम्हाला पाहून बोलले. बोलले! "देव नाही हा. हे आपलं मक्त्याचं वावर व्हतं. गोटे वेचून वेचून तुमच्या मायनं राशी घातल्या. देवीदासले या मातीच्या कोनाड्यात सावलीत निजवे."

वर्षानंतर अख्खं बोलणं. देवीदास त्या कोनाड्यापुढे बसून आत वाकून पाहू लागले. भाऊजींनी विचारलं, "अन् मी कुठं निजे, बाबा?"

"तू वावर सोडल्यावर झाला."

वावर सुटल्यावर पीक नाही, नांगर नाही, म्हणून इथे रान चढलं. हसता हसता भाऊजींचे डोळे भरले. म्हणजे म्हातारा भरकटत नव्हता, बायकोला भेटायला जात होता. भाऊजी चहा घेऊन एकटेच परतले. निघताना म्हणाले, "बाबा इथंच बरे, वहिनी. फक्त सोबत जात जा."

जाईन की. देवा, तू खरा जिथे असशील तिथे तुझे फार उपकार. दगडांना मी देव समजले, रागावू नकोस.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मामाजींना विचारलं, दुसरा कोनाडा कुणाचा?

"पार्बतीचा. तुयी सासू गोदी, तिच्यासंगं गोटे वेचे ते. पोरीले ओल लागू नये म्हणून नदीवरून लुगड्याच्या वटीत गोटे आने." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूच त ते पोरगी."

मी आत हात घातला, तळापर्यंत फिरवला. एकही गोटा टोचत नाही.