आत्या, वर्गात माझं नाव आधीच ठेवलेलं होतं

प्रिय आत्या,

घरी येऊन तास होत आला तरी माझा पाय जमिनीवर ठरत नाहीये. आई कळव्याच्या मार्केटात गेलीय, बाबा खाली बिल्डिंगवाल्यांशी गप्पा मारतायत. म्हटलं, जिला सगळ्यात आधी सांगायला हवं तिलाच लिहावं. बाबांनी शिकवलेली अक्षरं तू बोट फिरवत वाचायचीस, आणि अडलं की माझ्या दंडाला चिमटा काढायचीस. आता अडलं तर काय करशील गं?

आम्हाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी एक नॉन-टेक्निकल विषय घ्यावा लागतो. सगळे फायनान्स घेतात, कुणी जर्मन घेतं. यावेळी यादीत सगळ्यात खाली लिहिलेलं, साइन लँग्वेज. म्हणजे खुणांची भाषा! तू आणि बाबा गावी असल्यापासून जे करत आलात, त्याचा विषय असतो? त्याची परीक्षा असते? मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबा बोलले, फायनान्स घे, नोकरीला उपयोगी पडेल. मी म्हटलं, ही आत्याची भाषा आहे. त्यांनी शर्ट चढवला आणि खाली निघून गेले. तुला कसं कळणार, पण तू गेल्यापासून बाबांनी एकही खूण केली नव्हती. आधी जेवतानासुद्धा त्यांचे हात गप्प नसायचे. नंतर समोरचं मीठ हवं असलं तरी तोंडाने मागायचे. आपल्या घराचा अर्धा आवाज तुझ्याबरोबर गेला, आणि तो आवाज नव्हताच!

आईने फक्त विचारलं, मार्क मिळतील ना? मिळतील म्हटलं, आणि विषय घेतला. बाबा काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

शिकवायला मनाली मॅडम. दिव्याला राहतात, आणि त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलायच्या आणि सोबतचे एक सर आम्हाला मराठीत सांगायचे. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. ते आपलं आपण ठेवायचं नसतं, ऐकू न येणाऱ्या माणसाने द्यायचं असतं. मी तुम्हाला हळूहळू ओळखेन, मग एकेकाला देईन, तोवर थांबा.

माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. दोन बोटांनी नाकावरचा चष्मा वर ढकलल्यासारखं करून दाखवलं. तू मला हाक मारायचीस तसं.

मॅडमनी ते पुन्हा करायला लावलं. मग विचारलं, कुणी दिलं?

"माझ्या आत्याने," मी म्हटलं. "तिला ऐकू यायचं नाही."

मॅडमनी स्वतःच्या नाकावर तीच खूण केली, माझ्याकडे बघत. सरांनी त्यांचं बोलणं सांगितलं, "मग मी तुला दुसरं नाव देणार नाही. तुझं नाव ठेवून झालंय."

आत्या, अख्ख्या वर्गात आधीपासून नाव असलेली एकटी मी! मला वाटायचं, तू मला चष्म्यावरून चिडवतेयस.

पण एक सांगू? मला तुझा थोडा रागही आला. पाहुणे आले की तू हात पदराखाली घ्यायचीस आणि आत मशीनवर ब्लाऊज शिवत बसायचीस. कशाला गं? दिवा आपल्यापासून दोन स्टेशनं. तिथे तुझ्यासारख्या बायका दर रविवारी जमतात, तासन् तास गप्पा मारतात. आपल्यालाच माहीत नव्हतं. तुला वाटत राहिलं, जगात तुझं बोलणं कळणारा एक भाऊच आहे.

आता आजचं ऐक. शेवटची परीक्षा म्हणजे घरच्यांसमोर खुणांनी गोष्ट सांगायची. बाबा येतील असं वाटलं नव्हतं, पण हाफ डे टाकून आले, मागच्या बाकावर बसले. मी तुमची खेकड्याची गोष्ट घेतली होती. ओढ्यात बाबांचं बोट खेकड्याने धरलं, ते ओरडले, तुला ऐकूच गेलं नाही, ती.

मी मध्यावर आले आणि मागे कुणीतरी उभं राहिलं. बाबा! मान हलवत होते, नाही, नाही. आणि त्यांचे हात वर आले. खेकड्याने मला नाही, तिला धरलं होतं. ती रडली नाही, तिने मलाच मारलं.

हे सगळं तुमच्या गावच्या खुणांत! तरी मॅडमना कळलं. त्या हसल्या, काहीतरी विचारलं, बाबांनी उत्तर दिलं. मग दोघं बोलतच राहिले. सरांना काही उलगडेना, मी पुढे नुसतीच उभी. बाबांचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हते.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, वर्गात 'बहीण' कसं शिकवलं? मी दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि हवेत एक वेणी ओढून दाखवली.

"आपल्याकडे अशी," ते बोलले.

आत्या, पुढच्या वर्षी मी याच भाषेचा पुढचा भाग घेणार आहे, आणि यावेळी बाबाच मागे लागलेत. बाहेर मी सगळ्यांची भाषा बोलेन, पण घरात बहीण म्हणजे वेणीच. येत्या रविवारी बाबांना घेऊन दिव्याला जाणार. त्या बायकांना तू माहीत नाहीस ना? तुझी ओळख मी करून देईन. तोंडातून एक शब्द न काढता.

तुझी,
पूर्वा