पॅनिक म्हणजे बुजणं

तीर्थरूप बाबा,

पुण्याहून देवानंदचा पाया लागून नमस्कार. मी मजेत आहो, वजनबी वाढलं. आईचे गुडघे कसे आहेत?

लिफ्टच्या कामात एक इंग्रजी शब्द रोज कानावर पडते, पॅनिक. लिफ्ट अडकली का आतले लोक वरडतात, "आमी पॅनिक होऊन राह्यलो!" हे सांगाची इथं कोणालेच लाज नाही. आपला बांड्या बैल ट्रॅक्टर पाहून बुजे ना, तसंच हे.

काल एक बाई अडकली. मले तुमीच आठवले. बांड्या बुजला का तुमी कासरा वढत नोहते, मानेवर हात ठेवून त्याले गोष्टी सांगत होते. मी दाराबाहेरून इचारलं, "ताई, आज भाजी कायची केली?" वांग्यावर बोलता बोलता बाई शांत झाली, तवरक लिफ्टबी सुरू झाली.

आई सांगे, मोतीबिंदूचं ऑपरेशन तुमी दोनदा टाळलं. म्हणे सोयाबीन काढाचं आहे. सोयाबीन तर कवाचंच घरात आलं, बाबा!

सोमवारी मी एसटीनं मेडशीले उतरतो. दवाखान्यात तुमच्या मानेवर हात मी ठेवीन. तुमी फक्त सांगा, आईनं भाजी कायची केली.

तुमचाच,
देवानंद