बारा चिंध्या

अण्णा,

तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसलो नाही. राग आला म्हणून बसलो. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि या आठवड्यात मालकासमोर उभा होतो, तेव्हा माझ्या तोंडून तुमचं "बरं" निघालं. मान खाली, आवाज खाली, एकदाच.

मी भोसरीत एका शेडमध्ये फोरमन आहे. जमिनीत खोल भोकं पाडतात त्या पाइपांचे जोड आम्ही बनवतो, त्यांना आटे पाडतो. भोकं अमेरिकेत पडतात, तिथल्या जमिनीतला गॅस काढायला. तिकडे लोक त्या गॅसवर घरं उबदार ठेवतात. थंडी कडक पडली की गॅसचा भाव चढतो, जो तो भोकं पाडत सुटतो, आणि आमच्याकडे तिन्ही शिफ्ट चालतात. थंडी पडली नाही की भाव कोसळतो, तिकडची यंत्रं उभी राहतात आणि चार महिन्यांत आमचे लेथ गप्प होतात. मागच्या वेळी असं झालं तेव्हा मी माणसांना खरं ते सांगितलं होतं. आमचा सगळ्यात चांगला कारागीर इथलाच, जुन्या गावातला. तो म्हणाला, "तिकडं थंडी न्हाई म्हून आमी घरी बसायचं व्हय? पाठवा की राव थोडा बर्फ." सगळे हसले आणि घरी गेले. भाव चढल्यावर परत आले. यंदा मालक म्हणाले, "भावाचं बोलायचं नाही. भाव चढला की माणसं हक्कानं परत दारात उभी राहतात. काम खराब निघालं म्हणा, म्हणजे विषय संपतो." मी बरं म्हणालो.

तुम्हीही भोकंच पाडत होता. ठेकेदाराचं ठोक्याचं यंत्र, त्याला तेलावरचं इंजिन. मी वीस वर्षांचा, तुमच्या जोडीला दोरावर. आत्याची जमीन भोसरीच्या माळावर होती. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं राखली, आणि त्या हिवाळ्यात ठरवलं की बोअर मारायचा. पाणी लागलं तर जमीन राहणार होती, नाही लागलं तर दीर ती विकायला लावणार होते. तिला हे माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं. एकशेवीस फुटांपर्यंत जायचा बोल ठरला. यंत्राची पूजा आईनं केली, कारण आत्यानं करायची नव्हती. आत्या लांब बांधावर उभी होती. पहिला ठोका पडतो, जमीन पायाखाली हलते, आणि ती चार पावलं पुढे येते. एवढंच. लहान मुलीसारखी, बघायला.

त्याच हिवाळ्यात समुद्रापलीकडे कुठलासा कालवा बंद पडला आणि इंजिनाच्या तेलाचा भाव चढला. आठवड्यात एकदा, मग परत एकदा. तालुक्यातली निम्मी यंत्रं बंद पडली. आपण नव्वद फुटांवर होतो. ठेकेदार सायकलवरून आला, इंजिनाकडे बघत म्हणाला, "या भावानं पुढचा प्रत्येक फूट माझ्या अंगावर आहे. आज संपवा." तुम्ही बरं म्हणालात. बाईला सांगतो, तेल महागलंय, उतरलं की येऊ, असं तुम्ही म्हणाला नाहीत. ते म्हटलं असतं तर ती थांबली असती. तिला थांबता येत होतं, नवरा गेल्यापासून ती तेच करत होती. दिरांनाही अडवलं असतं तिनं, अर्धवट भोक दाखवून.

दोराला दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधलेली असायची. दोर वर येताना धन्यानं चिंध्या मोजायच्या, हा आपल्या धंद्यातला रिवाज. धन्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास असतो, दोराच्या लांबीचा विचार कुणी करत नाही. दुपारी आत्या आपल्यासाठी स्वयंपाक करायला घरात गेली, आणि तुम्ही सगळ्या चिंध्या सोडून साडेसात-साडेसात फुटांवर बांधल्यात. मग आपण तिच्या स्वयंपाकघरात जेवलो. चुलीपुढे बसून ती भाकरी थापत होती, म्हणत होती, "दादा, सावकाश जेव. यंत्र कुठं पळून जात न्हाई." तुम्ही दुसरी भाकरी घेतलीत. ती दुसरी भाकरी मला अजून दिसते. तिच्या हातची, कडेला करपलेली, तुमच्या ताटात.

संध्याकाळी दोर वर आला. आत्यानं बोटांवर मोजलं. बारा. तिनं परत मोजायला सांगितलं नाही. चार माणसं जमली होती, त्यातला एक म्हातारा म्हणाला, "इधवा बाई पहिल्या ठोक्याला म्होरं आली. मंग पानी कुठलं लागतंय?" आत्यानं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही इंजिन पुसत होता. तिनं विचारलं, "दादा, मी म्होरं आले म्हून?" आणि तुम्ही म्हणालात, "आता जे झालं ते झालं." यापेक्षा तिच्या मुस्कटात मारली असतीत तर बरं होतं. भावाच्या चढउताराचं ओझं तुम्ही तिच्या चार पावलांवर टाकलंत. तेल महाग झालं होतं, अण्णा. बाई पुढे आली म्हणून पाणी आटत नाही, हे पंधरा वर्षं भोकं पाडणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला हवं होतं का?

जमीन कोरडी म्हणून गेली. घेणाऱ्यानं वर्ष-दीड वर्षानं, तेल उतरल्यावर, दुसरं यंत्र आणलं, त्याच भोकात. तळ नव्वदला लागला आणि पाणी एकशेचारला. गावात चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी आत्या आपल्या घरी आली, ओसरीवर बसली. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला सारला आणि तुम्हाला म्हणाली, "नव्वद." पुढे ती येत राहिली, सणाला, लग्नाला, तुमच्या आजारपणात. जेवायची सुद्धा. पाणी मात्र आपल्या घरचं ती परत प्यायली नाही. येताना स्वतःचा तांब्या आणायची. तुम्ही तो तांब्या बघत राहायचात.

शनिवारी मी छत्तीस जोड बाद ठरवले. तो कारागीर पुढे आला, म्हणाला, "साहेब, दावा तरी कुठं चुकलंय." त्यानं स्वतःच आटे तपासायचा गेज उचलला आणि जोडावर फिरवला. लोण्यातून जावा तसा गेला. दुसऱ्या जोडावर फिरवला. तिसऱ्या. "गेज तर बसतोय," तो म्हणाला. मी म्हणालो, "वरून आलंय." त्यानं गेज पुसला, पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. मस्करी केली असती तर मला चाललं असतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. त्याच पेटीत ठेवतो, ती आता बरेच महिने कुणी उघडणार नाही. पण वर एक खोटं लिहिलंय, ते तसंच ठेवून पेटी लावणं मला जमत नाही. चिंध्या तुम्ही बांधल्या नाहीत. तुम्ही दोर धरला होता. तुमची बोटं वळत नव्हती, आणि मी, कुणी न सांगता, चिंध्या तुमच्या हातातून घेतल्या. बाराच्या बारा गाठी माझ्या. आत्याला शेवटपर्यंत वाटलं त्या तुमच्या आहेत, आणि तुम्ही ते वाटू दिलंत. याचा राग सगळ्यात जास्त आहे.

बाद मालाला लाल चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधाव्या लागतात. गाठ तीच मारली.