परीक्षेदिवशीचं सूप

अहो हेरिमचे बाबा,

साठीत इंग्रजी शिकतेय म्हणून हसत होतात ना? वर्गात पहिली आले मी! बहिणीला सांगायला चाललेय.

परीक्षेदिवशीच माझा वाढदिवस, म्हणून तुम्ही जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवून आपल्याकडे वाढदिवसाला पितात ते समुद्री शेवाळाचं सूप केलंत. "हे बुळबुळीत पिऊन गेलं की माणूस परीक्षेत घसरतो, एवढंही कळत नाही?" असं ओरडून मी निघाले. पण तुम्ही आंघोळीला गेल्यावर परत आले आणि वाटीभर प्याले.

पेपरात भाववाचक नाम विचारलं होतं, म्हणजे हाताला न लागणाऱ्या गोष्टीचं नाव. शेजारच्या बाकावर परीक्षेला बसलेल्या बाईंनी 'स्वातंत्र्य' लिहिलं. मी 'माया' लिहिलं.

पातेल्यात आज तेच सूप आहे, मीठ बेतानं घातलंय. तुमची माया फार खारट होती, पण पूर्ण गुण तिलाच मिळाले.

हेरिमची आई